जमैका इनच्या माळावर

इंग्लंडच्या नैऋत्येला समुद्रात लांब शिरलेला जो चिंचोळा भाग नकाशावर दिसतो, तो कॉर्नवॉल परगणा. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला टेमर नदी. या परगण्याच्या मध्यावर बॉडमिन नावाचा उंच माळ पसरला आहे. त्या माळावर बोलव्हेंटर या लहानशा वस्तीत, हमरस्त्याच्या कडेला, दगडी भिंतींची एक जुनी सराई उभी आहे. तिचे नाव जमैका इन. इन म्हणजे प्रवाशांनी उतरायचे, खाण्यापिण्याचे घर. १७५० साली घोडागाड्यांसाठी ती बांधली असे सांगतात. १९३६ साली डॅफ्नी ड्यू मोरिये या लेखिकेची 'जमैका इन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि आडरानातली ही सराई जगभरच्या वाचकांना ठाऊक झाली.

ही लेखिका आपल्या वाचकांना अगदीच परकी नाही. १९६४ साली वहिदा रेहमान आणि विश्वजित यांचा 'कोहरा' हा हिंदी चित्रपट आला होता. तो याच बाईंच्या 'रिबेका' (१९३८) या कादंबरीवरून घेतलेला. प्रेमकथा आणि रहस्यकथा यांची गुंफण हा त्यांचा हातखंडा. गेल्या नोव्हेंबरात आमचे तिकडे जाणे झाले. आमची पुतणी प्लायमाऊथ या शहरात परिचारिका आहे. लंडनला १०, किंग हेन्रीज रोड येथील बाबासाहेबांच्या निवासस्थानाला वंदन करून आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. तिथून टेमर नदी ओलांडली की कॉर्नवॉल. तिने आमच्या हाती हे पुस्तक ठेवले आणि म्हणाली, "काका, आधी वाचा. मग जागा दाखवायला नेते." रोज रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही एक-दोन प्रकरणे वाचावीत आणि पत्नीला मराठीत सांगावीत, असा क्रम चालला. त्यामुळे ही कादंबरी आम्ही एकट्याने वाचली असे म्हणता येणार नाही. ती घराने मिळून वाचली.

कथा थोडक्यात

सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा काळ. मेरी येलन ही तेवीस वर्षांची शेतकऱ्याची मुलगी. बाप लवकर गेला, आईने एकटीने शेत आणि गुरे सांभाळून तिला वाढवले. आई मरताना सांगते, मावशीकडे जा. मावशी म्हणजे पेशन्स. लहानपणी पाहिलेली, रेशमी कपडे घालणारी, हसरी बाई. मेरी घोडागाडीतून भर पावसात त्या माळावर येते. जमैका इन म्हटल्यावर गाडीवानसुद्धा कचरतो. भले लोक तिकडे जात नाहीत, असे सांगतो. दार उघडते ते मावशीचा नवरा जॉस मर्लिन. धिप्पाड, दारूडा, हाताचा आणि तोंडाचा सारखाच आडदांड. आणि त्याच्यामागे उभी असलेली मावशी? ती हसरी बाई उरलेलीच नाही. नवऱ्याच्या पावलाचा आवाज ऐकून थरथरणारी, प्रश्न विचारला की पदराशी चाळा करावा तशी बोटे चाळवणारी एक बाई मेरीपुढे येते.

सराईत प्रवासी उतरत नाहीत. रात्री मात्र गाड्या येतात, माल उतरतो, भरतो. मेरीला कळते की हा चोरट्या व्यापाराचा अड्डा आहे. पुढे जॉस दारूच्या नशेत बोलून जातो, की प्रकरण त्याहून भयंकर आहे. त्याची टोळी किनाऱ्यावर खोटा दिवा दाखवून जहाजे खडकावर आदळवते, माल लुटते आणि पोहत आलेल्या माणसांना मारून टाकते. जॉसचा धाकटा भाऊ जेम हा घोडेचोर. त्याच्यावर मेरीचा जीव जडतो आणि त्याच्यावरच तिचा संशयही असतो. या सगळ्यात तिला एकच आधार वाटतो, तो म्हणजे शेजारच्या ऑल्टरनन गावचा धर्मोपदेशक फ्रान्सिस डेव्ही. मंद बोलणारा, सभ्य, संकटात घरी नेऊन शेकोटीपाशी बसवणारा. मेरी मनातले सारे त्याला सांगते.

रहस्यकथेचा शेवट सांगू नये असा संकेत आहे. पण या पुस्तकाला ऐंशीवर वर्षे झाली आणि आम्हाला जे म्हणायचे आहे ते त्या शेवटातच आहे. ज्यांना स्वतः वाचायचे असेल त्यांनी हा एक परिच्छेद सोडून पुढे जावे.

जॉस आणि पेशन्स यांचा खून होतो. मेरी आश्रयाला पुन्हा धर्मोपदेशकाच्या घरी येते. तिथे तिच्या हाती त्याने काढलेले एक चित्र लागते. चित्रात चर्च आहे, बाकांवर गावकरी बसले आहेत, पण त्यांच्या धडांवर मेंढ्यांची डोकी आहेत. आणि व्यासपीठावरून उपदेश करणारा जो आहे, त्याला लांडग्याचे तोंड. तेव्हा तिला उमगते. टोळीचे डोके जॉस नव्हताच. तो हात होता. डोके होते ते हे. ज्याच्याकडे ती न्याय मागायला जात होती, तोच या खुनांचा सूत्रधार होता, आणि तिने विश्वासाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या उपयोगी पडत होती. तो तिला ओढून माळावर पळतो आणि रफटॉर नावाच्या टेकडीवर जेमच्या गोळीने मरतो.

ऑल्टरनन

आम्ही सकाळी प्लायमाऊथहून निघालो. लॉन्सेस्टन हे किल्ल्याचे जुने गाव लागले. कादंबरीत नाताळच्या आदल्या दिवशीच्या बाजारासाठी मेरी आणि जेम इथेच येतात आणि जेम चोरलेले तट्टू मूळ मालकाच्याच बायकोला विकून दाखवतो. तो प्रसंग वाचताना आमच्या घरात फार हशा झाला होता. तिथून हमरस्ता सोडून आम्ही ऑल्टरननला उतरलो.

गाव लहान आहे. ओढ्यावर दगडी पूल, पलीकडे संत नॉना यांच्या नावाचे चर्च. त्याचा मनोरा सुमारे १०८ फूट उंच आहे. माळावरच्या मानाने एवढे मोठे, म्हणून लोक त्याला 'माळावरचे कॅथेड्रल' म्हणतात. आत लाकडी बाकांच्या टोकांना सोळाव्या शतकातले कोरीव काम आहे. अशी ७९ टोके आहेत. कारागिराने आपले नावही त्यावर कोरून ठेवले आहे, रॉबर्ट डे. राजाचे, सरदाराचे नाव सगळीकडे असते; सुताराचे नाव शतकांनंतर वाचायला मिळाले की बरे वाटते.

त्या बाकांवर आम्ही जरा बसलो. समोर व्यासपीठ. पुतणी हळूच म्हणाली, "काकू, आपण आता मेंढ्यांच्या जागी बसलोय." पत्नी म्हणाली, "मेंढरांचा काय दोष गं? त्यांना कुणी विचारायलाच शिकवलं नव्हतं."

या वाक्यावर आम्ही विचार करीत राहिलो. तथागतांनी कालाम लोकांना सांगितले ते हेच. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका. स्वतः तपासा, अहिताचे असेल ते सोडा, हिताचे असेल ते घ्या. मेरी हुशार होती, धीट होती. तिने दारूड्या मावसोबाकडे डोळे वटारून पाहिले. पण उपदेशकाच्या पांढऱ्या केसांकडे पाहून तिने तपासणे थांबवले.

इथे एक गंमतीची आणि विचार करण्यासारखी माहिती देतो. १९३९ साली आल्फ्रेड हिचकॉक यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. अमेरिकेतल्या त्या वेळच्या चित्रपटविषयक नियमांना धर्मोपदेशक खलनायक म्हणून दाखवणे चालत नव्हते. म्हणून चित्रपटात तो बदलून गावचा जमीनदार-दंडाधिकारी केला गेला. म्हणजे कादंबरीने ज्याचा बुरखा काढला, त्याला पडद्यावर पुन्हा झाकून ठेवावे लागले. धर्माच्या वस्त्राला हात लावायचा नाही, हा नियम फक्त आपल्याच देशात आहे असे समजण्याचे कारण नाही.

मात्र ऑल्टरननने आम्हाला दुसरी बाजूही दाखवली. शेजारीच ट्रेविंट नावाची वाडी आहे. तिथे डिगरी इझबेल नावाच्या गवंड्याने आणि त्याच्या पत्नीने अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांच्या प्रचारकांना घरात जागा दिली, पुढे त्यांच्यासाठी घराला दोन खोल्या वाढवल्या. ते घर जपून ठेवले आहे. वेस्ली खाणकामगारांत, कोळ्यांत, मजुरांत उघड्यावर उभे राहून बोलत. त्यांनी चोरट्या व्यापाराला विरोध केला आणि १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. १७९१ साली मरणापूर्वी काही दिवस त्यांनी विल्बरफोर्स यांना पत्र लिहून गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा सोडू नका असे कळवले. म्हणजे उपदेशक म्हटला की लांडगा, असेही नाही. तो कुणाच्या बाजूने उभा राहतो हे पाहावे लागते.

ऑल्टरननच्या जुन्या मेथडिस्ट प्रार्थनागृहाच्या दारावर वेस्लींचे दगडात कोरलेले मस्तक आहे. ते नेव्हिल नॉर्दी बर्नार्ड याने तरुणपणी कोरले. हा इथल्याच पाथरवटाचा मुलगा. पुढे लंडनला जाऊन नामांकित शिल्पकार झाला. आणि १८७८ साली मेला तो रेडरुथच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात तुकडा देणाऱ्या घरात. कलावंत पाथरवटाच्या पोटी जन्मला की त्याचे मरण कुठे होईल सांगता येत नाही. आपल्याकडच्या शाहिरांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

सराईत

ऑल्टरननहून थोड्याच अंतरावर बोलव्हेंटर. हमरस्ता आता रुंद झाला आहे, गाड्या जोरात धावतात. बाजूला उतरले की फरसबंदी अंगण, पाटीच्या दगडाने मढवलेल्या भिंती आणि वर झुलणारी पाटी. आत ठेंगणे छत, जाड तुळया, शेकोटी. चोरट्या व्यापाराचे एक संग्रहालय आहे. लेखिकेच्या वस्तूंची एक खोली आहे. १९३० साली ड्यू मोरिये आपल्या मैत्रिणीबरोबर इथे उतरल्या होत्या. दोघी घोड्यांवर बसून माळावर गेल्या आणि धुक्यात वाट चुकल्या. शेवटी लगाम सैल सोडले तेव्हा घोड्यांनीच त्यांना परत आणले. ऑल्टरननचे धर्मोपदेशक त्यांना भेटले आणि त्यांनी जुन्या गोष्टी सांगितल्या, असे म्हणतात. कादंबरीचे बी तिथे पडले.

दारूच्या गुत्त्याच्या फरशीत एक पाटी बसवली आहे. जॉस मर्लिनचा खून या जागी झाला, असे तीवर लिहिले आहे. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याच्या मरणाची ही जागा! लोक त्यावर पाय ठेवून छायाचित्रे काढतात.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. कॉर्नवॉलमध्ये चोरटा व्यापार खरोखर होता आणि मोठ्या प्रमाणावर होता. त्याचे कारण जकात. चहावरची जकात एके काळी शंभर टक्क्यांहून अधिक होती. १७८४ साली ती साडेबारा टक्क्यांवर आणली गेली. ब्रँडी, तंबाखू, मीठ यांवरही जबर कर. मीठ महाग म्हणजे मासे खारवणाऱ्या कोळ्याचे मरण. तेव्हा गरीब माणूस रात्री माल वाहू लागला. त्यात पैसा ओतणारे आणि माल विकत घेणारे मात्र पुष्कळदा प्रतिष्ठित लोक असत. पण खोटा दिवा दाखवून मुद्दाम जहाज फोडण्याच्या ज्या कथा आहेत, त्यांना इतिहासकारांना भक्कम पुरावा मिळत नाही. फुटलेल्या जहाजाचा माल किनाऱ्यावरचे लोक उचलून नेत, हे खरे. म्हणजे कादंबरीतला सर्वांत भयानक भाग हा बहुतांशी दंतकथेवर उभा आहे, आणि ती दंतकथा किनाऱ्यावरच्या गरिबांच्या माथी मारलेली आहे.

कादंबरीतल्या आणखी दोन गोष्टी आम्हाला खटकल्या. एक म्हणजे मर्लिन घराण्याचे रक्तच वाईट, बापही खुनापायी फाशी गेलेला, तेव्हा मुलगे असेच निघायचे, हा सूर. आमच्या वाचकांना १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा माहीत आहे. जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या लाखो माणसांना तो १९५२ पर्यंत भोगावा लागला. रक्तात गुन्हा असतो ही कल्पना गोष्टीत वाचायला रंगतदार वाटते, पण कायद्यात आली की पिढ्या बरबाद करते. दुसरी गोष्ट म्हणजे तो उपदेशक. लेखिकेने त्याला जन्मतः पांढऱ्या केसांचा, फिकट डोळ्यांचा केला आहे आणि त्याचे ते शरीर जणू त्याच्या दुष्टपणाची खूण म्हणून वापरले आहे. ज्यांना जन्मावरून ओळखले गेले, त्या समाजाच्या वाचकाने इथे थांबून हरकत घेतलीच पाहिजे. माणूस कृतीने वाईट होतो, कातडीने नव्हे.

नाव कुठून आले?

जेवताना पुतणीने विचारले, "काका, इंग्लंडच्या माळावर जमैका कशाला?"

याची दोन उत्तरे दिली जातात. एक असे, की जमैका बेटावरून येणारी रम नावाची दारू इथे चोरून उतरवत, त्यावरून हे नाव पडले. दुसरे असे, की या भागातल्या ट्रेलॉनी या जमीनदार घराण्याचा जमैकाशी संबंध होता. एडवर्ड ट्रेलॉनी हे १७३८ ते १७५२ जमैकाचे गव्हर्नर होते आणि विल्यम ट्रेलॉनी १७६७ ते १७७२. जमैकाच्या नकाशात ट्रेलॉनी नावाचा जिल्हा आजही आहे. जगातला सर्वांत वेगवान धावपटू युसेन बोल्ट त्याच जिल्ह्यात जन्मला.

दोन उत्तरांपैकी कोणतेही घ्या, दोन्ही उसाच्या फडात जाऊन पोहोचतात. इंग्रजांनी १६५५ साली स्पेनकडून जमैका घेतले. आफ्रिकेतून माणसे धरून आणून त्यांच्याकडून ऊस पिकवला. उसाची साखर झाली, मळीची रम झाली. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा एकट्या जमैकात तीन लाखांहून अधिक गुलाम होते. तीन वर्षे आधी, १८३१ च्या नाताळात, सॅम्युअल शार्प नावाच्या गुलाम उपदेशकाच्या प्रेरणेने तिथे मोठा उठाव झाला होता. मे १८३२ मध्ये शार्प यांना फाशी दिले गेले.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. कोणतीही गोष्ट वाचली की जमाखर्च पाहण्याची सवय जात नाही. गुलामगिरी बंद करताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. कुणाला? गुलामांच्या मालकांना. ज्यांची पाठ फुटली त्यांच्या नावावर एक पैही जमा झाली नाही. उलट १८३८ पर्यंत उमेदवारीच्या नावाखाली त्यांना जुन्याच मालकाकडे राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब २०१५ साली मिटला. इतकी वर्षे कर भरणाऱ्या सामान्य माणसाने ते फेडले. आणि उसाच्या फडातली रिकामी जागा भरायला १८४५ पासून आपल्या देशातून करारावरचे मजूर जमैकाला नेले गेले.

महात्मा फुले यांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' हे नाव दिले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून दाखवली. तेव्हा त्या सराईच्या पाटीवरचे नाव आमच्यासाठी केवळ एका रम्य रहस्यकथेचे नाव राहिले नाही. जॉस मर्लिनची टोळी रात्री चोरून लुटत होती, म्हणून तिच्यावर कादंबरी झाली. दिवसाढवळ्या, कायद्याने, हिशेबाच्या वह्या लिहून जी लूट झाली, ती पाटीवर नाव होऊन झुलते आहे आणि कुणी दचकत नाही.

जेवणानंतर आम्ही बाहेर माळावर थोडे चाललो. उत्तरेला ब्राउन विली ही कॉर्नवॉलमधली सर्वांत उंच टेकडी. उंची अवघी ४२० मीटर; कळसूबाईच्या चौथ्या हिश्श्याएवढी. पण माळ इतका उघडा, की तीच डोंगर वाटते. वाळलेले गवत, मधून मधून ग्रॅनाईटचे खडक, पायाखाली पाणथळ, चरणाऱ्या मेंढ्या आणि तट्टे. साडेतीन वाजताच उजेड कमी झाला आणि धुके उतरू लागले. दहा मिनिटांत सराईची पाटी दिसेनाशी झाली. मेरीसारखी एकटी मुलगी अशा जागी रात्री चालत गेली असेल, या विचाराने पत्नीने पुतणीचा हात घट्ट धरला.

घरातली चर्चा

परतताना गाडीत वाद झाला तो शेवटावरून. कादंबरीच्या अखेरीस मेरी आपल्या गावी शेती करायला निघते. वाटेत जेम भेटतो आणि ती सगळे सोडून त्याच्या गाडीत चढते. पुतणीला हा शेवट आवडला. तिचे म्हणणे, मेरीने आपल्या मनाने निवडले, कुणी तिला दिले-घेतले नाही. पत्नीला मुळीच पटले नाही. ती म्हणाली, "मावशीपण एके काळी हसतच गेली असेल की मर्लिनच्या मागं. पोरगी फिरून त्याच घरात गेली."

पुतणी म्हणाली, "पण काकू, मावशीला ठाऊक नव्हतं. मेरीला सगळं ठाऊक आहे."

"ठाऊक असून गेली, म्हणून तर भीती वाटते."

आम्ही दोघींमध्ये पडलो नाही. लेखिकेनेच हा प्रश्न उघडा ठेवला आहे. आमच्या मते या पुस्तकातले खरे रहस्य खुनाचे नाहीच. पेशन्स मावशी का बोलत नाही, हे ते रहस्य आहे. तिला सर्व माहीत असते. ती नवऱ्याला भीत असते, त्याच्यावर मायाही करीत असते, आणि बोलले तर जायचे कुठे हेही तिला कळत नसते. अशा पेशन्स मावश्या शोधायला कॉर्नवॉलला जावे लागत नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक चाळीत एखादी आहे. तोंडावरचा वळ दिसला की "नळावर पडले" म्हणून सांगते.

गावी आल्यावर पत्नीने विहारातल्या महिला मंडळात ही गोष्ट रविवारी सांगितली. पुस्तकातली नावे अवघड म्हणून तिने 'मेरी', 'मावशी', 'मावसोबा' आणि 'उपदेशक' एवढीच ठेवली. ऐकणाऱ्या बहुतेक भगिनी धुणीभांडी करणाऱ्या, काही सफाई खात्यात, काही भाजी विकणाऱ्या. गोष्ट संपल्यावर कुणी प्रेमाबद्दल विचारले नाही, खुनाबद्दलही नाही. एक वयस्कर भगिनी म्हणाल्या, "मावसोबा दिसतो गं सगळ्यांना. दारू पिऊन पडतो, त्याला पोलीस पण नेतात. त्याला पाजणारा कोण, ते कोण विचारतं?"

सगळ्याजणी गप्प झाल्या, कारण उत्तर सर्वांना माहीत होते. वस्तीच्या तोंडाशी दारूचा धंदा करणारा एक गृहस्थ आहे. बोलायला गोड, लग्नाला पेटीत आहेर, मयताला खांदा, आणि दरवर्षी चौदा एप्रिलच्या वर्गणीत सर्वांत मोठा आकडा त्याचा. मंडपाच्या फलकावर त्याचे नाव ठळक. पंचशीलातले पाचवे शील म्हणताना ज्याच्या धंद्याविषयी बोलायला हवे, त्याचाच पैसा मंडपाला.

त्या रविवारी महिला मंडळाने ठराव केला आणि जयंती समितीपुढे ठेवला, की या वर्षी ती वर्गणी घेऊ नये. समितीत दोन बैठका वादात गेल्या. बँड कसा आणायचा, रोषणाईचे काय, असे प्रश्न निघाले. हिशेबाची वही आमच्याकडे होती. आम्ही आकडे मांडून दाखवले की त्या वर्गणीवाचून बँड आणि रोषणाई जाते, पण मंडप, पुस्तकांचा स्टॉल आणि मुलांची वक्तृत्व स्पर्धा राहते. शेवटी ठराव मंजूर झाला. पावती फाडली नाही. मंडप लहान झाला. त्याच मंडपात इयत्ता नववीतल्या एका मुलीने दारूवर भाषण केले आणि ते करताना ती कुणाकडे बघत नव्हती, कारण बघू नये असे तिथे कुणी बसलेच नव्हते.

कादंबरी विहाराच्या वाचनालयात ठेवली आहे. इंग्रजी फार कठीण नाही; बारावी झालेल्या मुलामुलींनी शब्दकोश जवळ घेऊन वाचायला हरकत नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी घरातल्या एकाने वाचावे आणि बाकीच्यांना मराठीत सांगावे. रात्रीचा दूरचित्रवाणीवरचा एक तास त्यासाठी सोडला तरी चालेल. वाचताना मुलांना एवढेच विचारा, की या गोष्टीत तुम्हाला सर्वांत आधी कुणाची भीती वाटली, आणि शेवटी कुणाची वाटायला हवी होती?

जयभीम!